मुक्यांचा दवाखाना : वाट बघू का लगेच नेऊ?

यावेळचे मेसेज वाचताना एक गोष्ट परत परत दिसली, प्रश्न कुत्र्याचा असो, मांजराचा असो की सशाचा, शेवटचं वाक्य तेच, "डॉक्टर, एक-दोन दिवस वाट बघू का लगेच दवाखान्यात नेऊ?" म्हणून यावेळी मुद्दाम तसलेच प्रश्न घेतलेत, काहींमध्ये थोडं थांबलेलं चालतं आणि काहींमध्ये रात्र काढणंसुद्धा महागात पडतं.

प्रश्न : आमचा बोका चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेली. कालपासून सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या डब्यात, जाऊन बसतोय, जोर लावतोय, मधेच ओरडतोय. बद्धकोष्ठ झालंय असं वाटतंय. घरचे म्हणतायत पोट साफ व्हायला काहीतरी देऊन बघू, नाही झालं तर परवा नेऊ. काय द्यावं?

उत्तर : तुमचा मेसेज आला तेव्हाच मी फोन करून सांगितलं होतं की काहीही देऊ नका, आत्ता उठा आणि घेऊन या. तुमचा बोका वाचला, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण बोक्यांच्या बाबतीत ही चूक इतक्या घरांत होते की मला रडू येतं कधीकधी.

बोका वाळूत बसून जोर लावतोय म्हणजे शी अडकलीये असं आपल्याला वाटतं पण बहुतेक वेळा अडकलेली असते लघवी. नराचा लघवीचा मार्ग टोकाला फार अरुंद असतो, त्यात बारीक खडे किंवा चिकट पदार्थाचा बोळा बसतो, कधी नुसतं सुजून आकसतं, आणि रस्ता बंद होतो. मूत्राशय भरतच राहतं, मागे किडनीवर दाब येतो, जी घाण लघवीतून जायची ती रक्तात साठते, पोटॅशियम वाढतं आणि वाढलेलं पोटॅशियम थेट हृदयाची गती पाडतं. पूर्ण बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत जातो, काही त्याहूनही आधी.

तुमच्या बोक्याला टेबलावर घेतलं आणि पोटाखाली हात घातला तेव्हा मूत्राशय लागलं ते एखाद्या टेनिसच्या बॉलसारखं, गच्च. एरवी ते अर्धवट भरलेल्या मऊ फुग्यासारखं लागतं, बोटांखालून सटकतं. त्याने पाय ताणून धरले होते, हाताला चावायचीसुद्धा ताकद नव्हती आणि स्टेथोस्कोप लावला तर ठोके मांजराच्या मानाने खूपच हळू. मग रक्त तपासणं, ईसीजी, हृदय सावरायची औषधं, भूल, कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी, सलाईन आणि दोन-तीन दिवस ऍडमिट, हे सगळं ओघाने आलंच. अजून सहा-आठ तास गेले असते तर काय झालं असतं ते मला बोलवत नाही.

घरी करायची तपासणी एकच, लिटर बॉक्समध्ये लघवीचा ओला गोळा दिसतोय का बघा. दिसत नसेल, किंवा नुसते दोन-चार थेंब किंवा लालसर डाग असतील, बोका सारखा तिथे चाटत असेल, उलटी केली असेल, तर रात्रीचे किती वाजलेत ते न बघता निघा. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. मांजरी असेल तर तिचा मार्ग रुंद असतो, ती अशी पूर्ण बंद होणं क्वचितच, पण जळजळ तिलाही होते आणि दाखवायला तिलाही न्यायचंच.

आणि हे परत होऊ शकतं हे मनात ठेवा. पाणी जास्त पोटात जाईल असं बघा, ओलं खाणं द्या, पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, वजन आटोक्यात. घरात नवीन माणूस किंवा नवीन मांजर आलं, सामान हललं की पहिले काही दिवस बॉक्सकडे जास्त लक्ष, कारण मांजरांचं टेन्शन बऱ्याचदा मूत्राशयातच उतरतं.

प्रश्न : कुत्र्याचं पिल्लू दीड महिन्याचं असताना पहिली लस झाली. आता डॉक्टर म्हणतात अजून दोन-तीन वेळा यायचंय. एकाच रोगाची लस इतक्यांदा कशाला? आणि त्याला बाहेर कधी न्यायचं, ते दारात बसून रडतं.

उत्तर : हा प्रश्न मला मनापासून आवडला कारण याचं उत्तर समजलं की लोक डोस चुकवत नाहीत. पिल्लू जन्मल्यावर आईचा चीक पितं, त्यातून आईची रोगाशी लढायची ताकद, म्हणजे अँटिबॉडीज, त्याला आयत्या मिळतात. पहिले काही आठवडे त्याच त्याला वाचवतात. पण गंमत नाही, अडचण अशी की त्याच अँटिबॉडीज आपण दिलेली लससुद्धा निकामी करतात, त्यांना काय माहीत हा खरा विषाणू की लसीतला. आईकडून मिळालेलं हे कवच कुणाचं आठव्या आठवड्यात उतरतं, कुणाचं बाराव्या, कुणाचं अगदी सोळाव्यापर्यंत टिकतं, आणि एकाच वेताची पिल्लं असली तरी प्रत्येकाचं वेगळं, बाहेरून बघून काही कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी देत राहायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच पडला पाहिजे. मग सहा महिन्यांचं ते वर्षाचं होईपर्यंत एक बूस्टर, आणि पुढे कुठली लस वर्षाला आणि कुठली तीन वर्षांनी हे तुमचे डॉक्टर सांगतील, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) मात्र दरवर्षी लागते. सगळ्यात जास्त पिल्लं जातात ती "एक लस झालीये ना" या भरवशावर मधल्या काळात बाहेर सोडलेली.

ही लस ज्यापासून वाचवते त्यातला पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, कुत्र्यांमध्ये नवीन आहे तसा, 1978 च्या सुमारास जगभर पसरला तेव्हा एकाही कुत्र्याकडे त्याची प्रतिकारशक्ती नव्हती. हा विषाणू चिवट, मातीत महिनोन् महिने टिकतो, तुमच्या चपलेला लागून घरात येतो, साध्या फ्लोअर क्लीनरने किंवा हाताच्या सॅनिटायझरने मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचने मरतो. पिल्लू खेळायचं थांबलं, खाणं सोडलं, ओकायला लागलं आणि मग रक्ताची घाण वासाची जुलाब झाली तर "जंत असतील" म्हणत बसू नका, त्याचं इवलंसं अंग एका दिवसात सुकून जातं. लवकर आणलं, सलाईन आणि बाकीचे उपचार नीट मिळाले तर बरीच पिल्लं उठून बसतात, मी बघते ना रोज.

आता बाहेर न्यायचं कधी. तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ पिल्लाच्या डोक्यात जग भरायचा काळ असतो, या वयात माणसं, आवाज, गाड्या बघितल्या नाहीत तर मोठेपणी ते सगळ्याला घाबरतं आणि घाबरणारं कुत्रं चावतं. म्हणून घरात कोंडूनही नाही ठेवायचं. कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडू नका. ज्यांच्या घरचं कुत्रं तब्येतीने चांगलं आणि पूर्ण लसीकरण झालेलं आहे त्यांच्या घरी न्या. आणि दवाखान्यात आल्यावर वेटिंगमध्ये मांडीवरच ठेवा, तिथल्या फरशीवर आधी कोण बसून गेलंय ते तुम्हाला माहीत नाही.

जंतांचंही सांगते, पिल्लू बाहेर गेलं नाही म्हणून त्याला जंत नसतील असं नसतं, ते आईच्या पोटातूनच येतात. जंतांचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत, आणि मग दर महिन्याला, सहा महिन्यांचं होईपर्यंत, पण डोस वजनावर असतो त्यामुळे शेजारच्यांच्या उरलेल्या बाटलीतून अंदाजे ओतू नका.

प्रश्न : मांजर सकाळपासून गप्प आहे, अंग गरम लागतंय. आमच्या घरी तापाची गोळी आहे, अर्धी दिली तर चालेल का?

उत्तर : नाही. अर्धी नाही, पाव नाही, चाटवूसुद्धा नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, हे मी दर दोन-तीन अंकांनी लिहिते आणि लिहीत राहणार. आपलं लिव्हर ते ज्या वाटेने बाहेर काढतं ती वाट मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्यातून तयार होणारा विषारी पदार्थ रक्तातल्या लाल पेशींवर जाऊन पडतो आणि रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं. एक साधी गोळी मोठ्या मांजराला मारायला पुरेशी आहे.

गेल्या वर्षी एक बाई त्यांची मांजरी टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आल्या. तोंड सुजलेलं, पुढचे पंजे सुजलेले, धाप लागलेली. ओठ उचलून बघितलं तर हिरड्या गुलाबी नाहीत, ओल्या मातीसारख्या तपकिरी. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, मी रात्री गोळी दिली, माझं चुकलं. त्या एका वाक्याने मांजरी वाचली, कारण याच्यावर उतारा आहे पण तो जितका लवकर तितका उपयोगाचा, आणि कारण शोधण्यात आमचा एक मिनिटही गेला नाही. कितीतरी लोक लाजतात, सांगत नाहीत, आणि आम्ही रक्त काढून शोधत बसतो. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं ते बेधडक सांगा आणि गोळीची पट्टी सोबत आणा, कुणी रागावणार नाही.

अंग गरम लागण्याचं म्हणाल तर मांजराचं आणि कुत्र्याचं नॉर्मल तापमानच 38 ते 39.2 डिग्री सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. नाक कोरडं म्हणजे ताप हेही खरं नाही. डिजिटल थर्मामीटरने गुदद्वारातून बघितलेलं तेवढंच खरं, कसं बघायचं ते आमच्यापैकी कुणीही दाखवेल. पण मांजर गप्प आहे आणि खात नाहीये हे जास्त महत्त्वाचं, सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, लिव्हरमध्ये चरबी साठून नवीनच आजार उभा राहतो. एक दिवस खाल्लं नाही की फोन करायचा.

याच प्रश्नाच्या निमित्ताने, कुत्र्याच्या मानेवर सोडायचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि त्याने मांजराला थरथर सुटते, फिट येतात. लिलीची फुलं मांजर असलेल्या घरात आणूच नका, पराग अंगावर पडून नुसता चाटला तरी किडन्या जातात. आणि कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवायच्या गोष्टी म्हणजे चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, शिवाय आपल्या दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. खाल्लं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच वेगळा घात होतो, पाकीट उचला आणि या.

प्रश्न : डॉक्टर मावशी, मी आठवीत आहे. माझा ससा काल रात्रीपासून काही खात नाहीये, कोपऱ्यात बसून आहे. आई म्हणते उद्या रविवारी नेऊ. चालेल का?

उत्तर : नाही चालणार बाळा, आणि तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. तुझ्या आईशी मी बोलले तेव्हा त्यांनी लगेच आणलं त्याला. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, दहा-बारा तास खाणं बंद आणि लेंड्या बंद म्हणजे आतडं थांबलं, हे सशासाठी तातडीचंच. तुझ्या सशाच्या मागच्या दाढा वाढून जिभेला टोचत होत्या. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात, म्हणून त्याच्या खाण्यात बहुतेक सगळं वाळलेलं गवतच हवं, दुकानातल्या दाण्याच्या गोळ्या अगदी थोड्या. आणि एक लक्षात ठेव, कुत्रा-मांजराचं अँटिबायोटिक सशाला तोंडावाटे कधी द्यायचं नाही, काही औषधांनी त्याच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावतो. रोज सकाळी लेंड्या बघायच्या, त्या लहान झाल्या, कमी झाल्या की मोठ्यांना सांगायचं.

प्रश्न : कुत्र्याचे गोचीड काढून काढून हात दुखले, औषध लावलं तरी पंधरा दिवसांनी परत येतातच. औषध नकली आहे का?

उत्तर : औषध बहुतेक बरोबरच असणार, अडचण अशी आहे की गोचीड कुत्र्यावर राहतच नाही जास्त वेळ. पोट भरलं की खाली पडतो, भिंतीच्या भेगेत, पलंगाच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत जाऊन कात टाकतो आणि परत चढतो, असं त्याच्या आयुष्यात दोनदा होतं, आणि तिसऱ्यांदा पोट भरून मादी पडते ती भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. म्हणजे तुम्हाला कुत्र्यावर दिसतात ते थोडे आणि घरात न दिसणारे खूप. एकदा औषध देऊन थांबायचं नाही, गोळी असो की मानेवरचे थेंब, तारीख न चुकवता निदान तीन-चार महिने सलग, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी, आणि सोबत अंथरूण गरम पाण्याने धुणं, भेगा बुजवणं, व्हॅक्यूम करणं. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्या अशा कुत्र्यांना टाळतात.

काढताना चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि सरळ ओढा. काडी पेटवून लावणं, रॉकेल ओतणं बंद करा, कुत्र्याची कातडी भाजते. आणि मला खरी काळजी गोचिडीची नाही, त्याच्या लाळेतून येणाऱ्या तापाची आहे. कुत्रं दोन दिवस मलूल, खात नाही, ताप, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, हिरड्या पांढऱ्या, यातलं काही दिसलं तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा असाच एक ताप, त्यासाठीचा डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो, चौथ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागलं म्हणून बंद केलं तर आजार आत दबून राहतो आणि महिन्यांनी उलटतो.

प्रश्न : आमची कुत्री सात वर्षांची, नसबंदी केलेली नाही. महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली, आता फार पाणी पितेय, सुस्त आहे. उन्हामुळे असेल का?

उत्तर : ऊन समजून थांबू नका, आजच सोनोग्राफी करून घ्या. माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत खूप पाणी, सुस्ती, उलटी, कधी मागून घाण वासाचा स्राव, हे गर्भाशयात पू झाल्याचं लक्षण असू शकतं. स्राव दिसत नसेल तर ते जास्त धोक्याचं, पू आतच साठतोय. ऑपरेशन करून गर्भाशय काढणं हाच भरवशाचा उपाय. ज्यांना पिल्लं नको आहेत त्यांनी तरुणपणीच नसबंदी करून घेतली तर ही वेळ येत नाही.

प्रश्न : खेळता खेळता आमच्याच कुत्र्याचा दात मुलीच्या हाताला लागला, थोडं रक्त आलं. त्याला रेबीजची लस झालेली आहे. काही करायला हवं का?

उत्तर : हो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि मग मुलीला त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे न्या, कुत्र्याचं लसीचं कार्ड सोबत घेऊन. त्यांनी लस सुरू करायला सांगितली तर सुरू करायची. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, दहा दिवसांनंतरही तो ठणठणीत असेल तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून मी इथे घरचं-दारचं करत नाही.

प्रश्न : मांजरीला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की कॅरियर बघूनच ती पलंगाखाली जाते, आम्हाला ओरबाडते, शेवटी आम्ही जाणंच टाळतो.

उत्तर : तिच्यासाठी कॅरियर म्हणजे वर्षातून एकदा माळ्यावरून उतरणारी वाईट पेटी आहे, म्हणून. तो आता घरातच उघडा ठेवून द्या, आत तिचं अंथरूण, रोज थोडा खाऊ आतच. तीन-चार आठवड्यांत बऱ्याच मांजरी तिथे झोपायला लागतात. वरचं झाकण निघणारा कॅरियर घ्या, आम्ही तिला खालच्या अर्ध्या भागात बसलेली असतानाच तपासू शकतो, ओढून काढावं लागत नाही. येताना वर टॉवेल टाका, वेटिंगमध्ये खाली कुत्र्यांच्या नाकासमोर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा. तरीही फारच घाबरत असेल तर यायच्या आधी घरीच द्यायचं शांत करणारं औषध असतं, ते डॉक्टरांना मागा, त्यात कमीपणा नाही.

आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा. घरी लंगडणारी मांजरी आमच्या टेबलावर भीतीने सरळ उभी राहते, घरी खोकणारं कुत्रं इथे एकदाही खोकत नाही, आणि अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत मला कळतं ते दहा मिनिटं तपासून कळत नाही.

प्रश्न : कुत्रा अकरा वर्षांचा झालाय, डॉक्टर म्हणाले हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये जादा आवाज, ऐकू येतंय, औषध चालू आहे. रात्री त्याच्याकडे बघून भीती वाटते, कधी न्यायचं हे कसं ओळखू?

उत्तर : तुमच्या हातात एक फार चांगलं साधन आहे, घड्याळ. तो गाढ झोपलेला असताना, धापा टाकत नसताना, छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास असं तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा, ते मोजमाप धरायचं नाही. मिनिटाला तीसच्या आत असेल तर निवांत झोपा. तीसच्या वर गेला तर तासाभराने परत मोजा, परतही वरच असेल किंवा आठवडाभर आकडा रोज थोडा थोडा चढत असेल, वीस, चोवीस, अठ्ठावीस, तर सकाळी दवाखान्याला फोन करा, फुप्फुसात पाणी व्हायला लागलंय का ते बघायला हवं आणि औषधाचा डोस बदलून ते वेळेत आवरता येतं. मान लांब करून, कोपरं फाकवून बसून राहतोय, आडवा होत नाहीये, हिरड्या निळसर पडल्यात, तर फोन वाटेतून करा. आकडे कॅलेंडरवर तारखेसमोर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी ते पान फाडून घेऊन या.